सोळा काचा आणि एक कबुली

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. बायको उठून स्वयंपाकघरात जाते, कारण पुढचा अर्धा तास मी कुणाचं ऐकणार नाही. राग ठेकेदारावर आहे, कागदावर डोळे मिटून सह्या ठोकणाऱ्यांवर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर आहे. नाव मी कुणाचंही घेणार नाही. ज्यांनी हे केलं त्यांना वाचल्यावर आपोआप कळेल.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी. मी मूळचा शहाद्याकडचा, सपाटीवरचा. केळी, ऊस, कापूस बघत वाढलो, घरात अहिराणी बोललो. डोंगरातली माणसं म्हणजे माझ्यासाठी तळोद्याच्या बाजाराला जीपच्या टपावर बसून येणारी आणि दिवस मावळायच्या आत तशीच परत जाणारी माणसं. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं कधी वाटलंही नव्हतं. नंदुरबार जिल्ह्यातच जन्मलेला माणूस मी. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

मे महिना सरत आला होता. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती, ठाणे अंमलदार डायरी लिहीत बसले होते. एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस फाईल घेऊन आला. एका ठेकेदाराचा सुपरवायझर. डोंगरातल्या एका पाड्यावर त्यांनी सौर पंपाची पाणीयोजना बसवली होती. दरीतल्या झऱ्याचं पाणी पंपाने वर टाकीत चढवायचं, अशी ती योजना. दोन महिन्यांपूर्वी काम पूर्ण झालं, आणि आता सोळा सौर पॅनल, पंप आणि पाईप गावकऱ्यांनीच चोरले, अशी त्याची फिर्याद. फाईलीत सगळं होतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला, शिक्के, सोळा पॅनलचे सोळा रंगीत फोटो.

आता एक गोष्ट सांगतो. नोकरीत इतकी वर्षं फिर्यादी बघितल्यावर कुणालाही कळेल अशी. ज्याच्याकडे खरंच चोरी होते त्याच्याकडे फाईल नसते. तो बनियनवर पळत येतो, त्याला तारीख सांगता येत नाही, तो रडतो, शिव्या देतो. हा माणूस घाम पुसत नव्हता. हे मला माहीत होतं. पण तो येण्याआधी वरून फोन आला होता, ‘सरकारी योजनेचा मामला आहे, लगेच लक्ष घाला.’ वरून फोन आला की आमच्यासारख्यांची अक्कल आधी रजेवर जाते. मी कलम ३७९ खाली चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला. चार दिवसांनी त्या योजनेची तपासणी व्हायची होती, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी, आमचे हवालदार, दोन शिपाई आणि तो पाडा ज्यांच्या हद्दीत येतो त्या पायथ्याच्या गावचे पोलीस पाटील. रस्ता संपला तिथे जीप उभी केली. पुढे दोन तासांची चढण, एका माणसाच्या रुंदीची पायवाट. माझ्या हातात फक्त पाण्याची बाटली होती आणि तरी मी तीन वेळा बसलो. हवालदार तर म्हणाले, “साहेब, आते मन्हा जीव जास!” पोलीस पाटील आमच्यापेक्षा वयाने मोठे, ते पुढे उभे राहून आमची वाट बघत होते आणि हसू दाबत होते.

वर गेल्यावर पाडा दिसला. एक घर या टेकाडावर तर दुसरं समोरच्या. बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. विजेचे खांब उभे, तारा नाहीत. उतारावरची शेतं नांगरून तयार होती, मका आणि ज्वारी पेरायची होती. बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीतून वर येत होत्या. खाली जायला आणि भरून वर यायला तासभर लागतो, असं पाटील म्हणाले. एवढं पाणी वाहणारी माणसं पंप चोरून विकतील का, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता.

जागेवर सिमेंटचे चार ठोकळे होते, त्यात लोखंडी बोल्ट. बाकी काही नाही. घटनास्थळाचा पंचनामा केला. मग घरं बघायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या का चौथ्या घराच्या अंगणात मला ‘पुरावा’ सापडला. त्या दिवसांत डोंगरात घरोघरी आमचूर वाळत असतो, कैऱ्या सोलून, चिरून उन्हात पसरलेल्या. या अंगणात त्या फोडी एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पसरल्या होत्या. खोकं उलगडून सपाट केलेलं. त्यावर सौर पॅनलचं चित्र आणि कंपनीचं नाव.

“हे कुठून आणलं?” मी ओरडलो.

घरमालक म्हणजे पासष्टीचा एक म्हातारा. कमरेला पंचा, अंगात जुना सदरा. त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. पाटलांनी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. “पडलं होतं म्हणतो. चांगलं आहे, खालून तापतं, आंबा लवकर वाळतो.”

“साहेब, चोर सापडना!” हवालदार म्हणाले, म्हणजे सापडला. मलाही तेच वाटलं. आमचुराच्या फोडी मी स्वतः हाताने बाजूला सारल्या, अर्ध्या मातीत गेल्या. खोकं मुद्देमाल म्हणून जप्त केलं. म्हातारा आणि शेजारपाजारचे चार जण, असे पाच जण चौकशीसाठी सोबत घेतले आणि खाली उतरलो.

चौकशीबद्दल सांगायचं तर मी हात उचलला नाही. हे मी बरेच दिवस छाती पुढे काढून सांगत असे. पण माणसाला मारायला हातच लागतो असं नाही. पाच जणांना ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसवलं. हवालदार त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत होते, “काबरं चोर्‍यात? कथं ठेवात? सांगतस का नही?” आणि त्या पाचांपैकी एकालाही अहिराणी धड कळत नव्हती. का चोरलं, कुठे ठेवलं, दोन तास हेच चाललं. त्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला टेकली होती. तो सारखा घराच्या दिशेला बघायचा.

तेव्हा तो म्हातारा उठून उभा राहिला. पाटलांकडे बघून काहीतरी बोलला. पाटील जरा घुटमळले, मग म्हणाले, “साहेब, तो म्हणतो, ह्यांना सोडा. चूक तो स्वतःवर घेतो.”

झालं! मला याहून जास्त काही ऐकायचंच नव्हतं. रायटरने जबाब लिहिला. आमच्या जबाबाची एक ठरलेली मराठी असते, त्यात माणूस कुठलाही असो, तो ‘सदर वस्तू मी लबाडीच्या इराद्याने चोरून नेल्याचे कबूल करतो’ असंच बोलतो. म्हाताऱ्याने अंगठा दिला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला पाठ होतं. पण अटक दाखवायला, ‘गुन्हा उघडकीस’ असा संदेश वर पाठवायला ती पुरते. बाकीच्या चौघांना सोडलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला कोर्टापुढे उभं केलं, मुद्देमाल काढून घ्यायचा म्हणून दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. वरिष्ठांनी फोनवर पाठ थोपटली. मी खूश. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते माझ्या हातून चाललं होतं आणि मी मिशीला पीळ देत होतो.

कोठडीत मात्र गाडी पुढे सरकेना. “पॅनल कुठे ठेवलेस?” विचारलं की म्हातारा गप्प. फार मागे लागलो तर पाटलांमार्फत सांगायचा, माझ्या घरात जे असेल ते घेऊन जा. आणि एक उलटा प्रश्न तो सारखा विचारायचा. ज्याने तक्रार केली तो माणूस कधी येणार? मला वाटलं, म्हातारा बेरकी आहे, फिर्यादीला धमकवायचा बेत दिसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरचा पहारेकरी आत आला. “साहेब, बाहेर वरात उनी शे.” वरात आलीय म्हणे.

बाहेर पंचवीसेक माणसं होती. बायका, बापे, पहाटेपासून डोंगर उतरून आलेली. सोबत एक बकरा, फडक्यात बांधलेलं ज्वारीचं पीठ, तेलाची बाटली आणि एक भलंमोठं पातेलं. त्यांनी ठाण्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली तीन दगड मांडून चूल करायला घेतली होती! मी हसलो. खरंच हसलो. हवालदारांना म्हणालो, “लाच द्यायला आले का काय बकऱ्याची?”

आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती. त्याच डोंगरातली, पावरा समाजातली, शिकून भरती झालेली. ती आठवडाभर रजेवर होती आणि त्याच सकाळी हजर झाली होती. ती त्या लोकांजवळ गेली, बायकांमध्ये उकिडवी बसून बोलली. मग उठली आणि तरातरा माझ्या खोलीत आली. सॅल्यूट केला आणि दार लावून घेतलं.

“साहेब, तो चोर नाही.”

“बाई, कबुली आहे त्याची. अंगठा आहे.”

“ती कबुली नाही, साहेब. त्याने भांडण मिटवलंय.” तिचा आवाज कापत होता, भीतीने नाही. “आमच्यात वाद पेटला आणि कुणाची चूक ते ठरेना, तर गावाचं नुकसान नको म्हणून एखादा मोठा माणूस चूक स्वतःवर घेतो. बकरा देतो. पंच बसतात, तक्रार करणारा आणि ज्याच्यावर तक्रार तो, दोघं एका पंगतीला जेवतात. जेवण झालं की वाद मेला. परत कुणी त्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर काढणाऱ्याची चूक. त्याने चार पोरांना सोडवायला हे केलं. त्याला वाटलं तुम्ही पंच आहात.”

मी खिडकीतून कडुलिंबाखालच्या चुलीकडे बघितलं.

“ते बकरा घेऊन जेवायला आलेत, साहेब. तक्रार करणाऱ्याला बोलवा म्हणतात. आणि तुम्ही त्याला कोठडीत ठेवलंय. त्यांना कळत नाही, चूक घेतल्यावर पण माणसाला का कोंडलंय.”

खोटं नाही सांगत, त्या खुर्चीत मला पहिल्यांदा घाम फुटला. मी तिला म्हटलं, चला, तुम्ही विचारा त्याला. तिने कोठडीच्या गजांसमोर जमिनीवर बसकण मारली आणि एकच प्रश्न विचारला. तीन दिवसांत मला जो सुचला नव्हता तो. ह्या काचा वर कुणी नेल्या?

म्हातारा एकदम जागा झाल्यासारखा बोलायला लागला. ती मला सांगत गेली. पाड्यावर रस्ता नाही, म्हणजे तिथे जी वस्तू आहे ती कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावरून गेलेली आहे. जड काही न्यायचं असेल तर लाह बोलावतात. दर घरातून एक माणूस येतो, मजुरी नसते, ज्याचं काम असेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. ही लाह बोलावण्याचं काम त्या म्हाताऱ्याच्या घराकडे, बापापासून. शाळेचे पत्रे कुणी नेले, पिठाच्या चक्कीचं धूड कुठल्या आठ जणांनी नेलं, सिमेंटच्या अकरा गोण्या कुणाकुणाच्या डोक्यावरून गेल्या, त्याला सगळं पाठ. आणि सौर पॅनल? त्याच्या भाषेत काच. “काच एकच आली. चार जणांनी वर नेली. त्या माणसाने दुपारभर तिचे फोटो काढले. कधी इकडे ठेव, कधी तिकडे ठेव. मग त्याच चौघांनी ती खाली आणून त्याच्या गाडीत ठेवली. खोकं तिथंच फेकलं.”

“बाकीच्या पंधरा?”

“पावसानंतर येतील म्हणाला. पंप, पाईपही तेव्हाच.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?” मी जवळजवळ किंचाळलो.

तिने विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि तिने ते मला सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. “म्हणतो, कुणी विचारलंच नाही. साहेब आल्यापासून एकच विचारत होता, चूक कुणाची.”

आणि मग म्हातारा पहिल्यांदा चिडला. चोरीचा आळ आला, तीन दिवस कोंडला, तेव्हा चिडला नव्हता. गजाला धरून तावातावाने काहीतरी बोलला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “तो म्हणतो, लाह करून घेतली आणि त्या माणसाने जेवण नाही घातलं. चहासुद्धा नाही. गावाने उपाशीपोटी काच वर नेली आणि उपाशीपोटी खाली आणली. असा माणूस त्याने जन्मात नाही बघितला.”

मी खोलीत येऊन फाईल उघडली. सोळा फोटो टेबलावर मांडले. हा माझा सगळा शोध, ऐका. एकाही फोटोत दोन पॅनल एकत्र नव्हते. आणि सोळाही फोटोंत पॅनलच्या डाव्या कोपऱ्याला पत्र्याची चौकट तशीच दबलेली, तोच पोचा. तीन दिवस हे फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये होते. सोळा पॅनल, पंप, पाईपांची भेंडोळी, आणि मी स्वतः रिकाम्या हाताने ती वाट चढताना तीनदा बसलेलो. हेलिकॉप्टरने उतरवले होते काय सोळा पॅनल? डोळे असून आंधळा म्हणजे आणखी काय असतं?

सुपरवायझरला बोलावून घेतलं. फोटो समोर ठेवले आणि पोच्यावर बोट ठेवलं. इस्त्रीचा शर्ट पाच मिनिटांत भिजला. आधी म्हणाला, सगळ्या पॅनलना वाहतुकीत पोचे पडतात. मग म्हणाला, मला काही माहीत नाही, मला वरून जसं सांगतात तसं मी करतो, तुम्ही वरच्यांना विचारा. मग रडला. तपासणी येणार म्हणून ठेकेदाराने चोरीची फिर्याद द्यायला सांगितली होती. वर न चढताच पूर्णत्वाचा दाखला देणारे देऊन मोकळे झाले होते.

आता वाचकांना वाटेल, मग काय, म्हातारा त्याच दिवशी सुटला असेल. इथेच तर माझं डोकं फिरतं!

आरोपीविरुद्ध पुरावा नाही असं दिसलं तर तपासी अधिकाऱ्याने कलम १६९ प्रमाणे कोर्टाला अहवाल द्यायचा असतो. दोन पानांचं काम. मी तो लिहिला आणि वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “घाई करू नका. आपण गुन्हा उघड केल्याचं वर कळवलंय. आधी ठेकेदाराचं पक्कं होऊ द्या, मग काढा. नाहीतर आपण तोंडावर पडू.” मी म्हणालो, “ठीक आहे, सर.” हे दोन शब्द. ते दोन पानांचे कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवले. पोलीस कोठडी संपली, म्हाताऱ्याची रवानगी जेलमध्ये झाली.

जामिनाचं म्हणाल तर कोर्टाने जामीन दिला होता. पण जामीनदाराला सातबारा लागतो. तो पाडा पिढ्यान्‌पिढ्या ज्या उतारावर मका पिकवतो, ती जमीन कागदावर वनखात्याची. ती नावावर करून देणाऱ्या पट्ट्यांचे दावे कुठल्या तरी कपाटात. अख्ख्या पाड्यात एकाकडे सातबारा नाही. रोज दोन-चार माणसं डोंगर उतरून कोर्टाच्या आवारात येऊन बसायची आणि परत जायची. पेरणीचे दिवस होते. शेवटी म्हाताऱ्याचं शेत गावाने लाह करून पेरलं. जेवण त्याच्या म्हातारीने घातलं.

मी एकदा जेलमध्ये गेलो, सोबत ती महिला शिपाई. म्हातारा वाळला होता. मला वाटलं, शिव्या देईल, रडेल. त्याने विचारलं, “तो माणूस जेवायला आला होता का?”

तिसऱ्या दिवशी मला खरं कळलं. म्हातारा सतराव्या दिवशी बाहेर आला, स्वतःच्या जातमुचलक्यावर, माझ्या त्याच दोन पानांवर. मधल्या चौदा दिवसांत ठेकेदाराचं काय पक्कं झालं? काहीही नाही. गुन्हा ‘ब’ समरी झाला, म्हणजे फिर्याद खोटी ठरली. खोटी फिर्याद दिल्याबद्दल कारवाई झाली ती एकट्या सुपरवायझरवर. योजनेच्या कागदावर ‘अपूर्ण’ असा शेरा पडला. ठेकेदाराला पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात दुसरं काम मिळालं. मी हे गृहीत धरायला हवं होतं. कुंपणच शेत खात असताना बुजगावण्याने काय करायचं असतं?

सुटल्यावर म्हाताऱ्याला पोचवायला मी स्वतः गेलो. कशासाठी गेलो ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. अंगणात सगळा पाडा जमला. मी उभा राहून सांगितलं की कोर्टाने मान्य केलंय, बाबांनी चोरी केली नाही, बाबा निर्दोष आहेत. महिला शिपाईने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हाताऱ्याने विचार केला आणि मला सरळ प्रश्न विचारला. डोंगरात सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, कलेक्टरलाही.

“म्हणतो, माझी चूक नव्हती तर मी घेतलेली ती कुणाची होती?” तिने सांगितलं. “तुमच्याकडे ती कुणी घेतली?”

मी उत्तर दिलं. “चौकशी सुरू आहे. दोषींवर योग्य ती कारवाई होईल.”

तिने ते त्यांच्या भाषेत सांगितलं नाही. मी म्हटलं, “सांगा ना बाई.”

“हे मी नाही सांगणार, साहेब,” ती म्हणाली. “एवढी मराठी त्यांना ऐकून ऐकून कळते. तुम्हीच परत सांगा.”

मी परत सांगितलं नाही. ‘मला माहीत नाही, वरच्यांना विचारा’ असं म्हणणाऱ्या किती भुरट्यांना मी नोकरीत खडसावलं असेल. त्या अंगणात मी तेच म्हणालो होतो, फक्त युनिफॉर्म घालून आणि शुद्ध भाषेत. खाली उतरताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, मी एकटाच वर गेलो. रस्ता आता अर्ध्यापर्यंत झालाय. सिमेंटचे चार ठोकळे तसेच आहेत, त्यांवर कुणीतरी कांदे वाळत घातले होते. म्हातारा आहे. थकलाय, पण ओळखलं. शाळेत शिकलेली त्याची नात मध्ये बसली आणि मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. म्हणालो, बाबा, ती चूक माझी होती. खरं कळल्यावर चौदा दिवस मी तुम्हाला आत ठेवलं. मी चूक घेतो.

म्हातारा तोडक्या मराठीत, नातीला मध्ये न घेता, स्वतःच बोलला.

“आता तू घेऊन काय होईल? तू तेव्हा साहेब होता. साहेबाने घेतली असती तर कामाला आली असती. पाणी आलं असतं. आता तू माझ्यासारखाच म्हातारा.”

रागाने नाही बोलला. पाऊस कमी आहे, मका उशिरा उगवला, असं सांगावं तसं बोलला. नात हंडा घेऊन दरीकडे निघून गेली.

नोकरीत असलेली पोरं मला विचारतात, सर, काय शिकलात एवढ्या वर्षांत? तपासाच्या चार युक्त्या सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते. मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. आपली चूक कबूल करायची तर खुर्चीवर बसून करा, कारण तेव्हाच तिचा कुणाला उपयोग होतो. नंतर केलेली कबुली फक्त आपल्याला झोप लागावी म्हणून असते, आणि मला तर तीही लागत नाही.